कवडशावरून जाणारा

दिवसा झोपणाऱ्या माणसाला कुणी सरळपणे झोपू देत नाही, आई तर नाहीच. पिंगळी सुट्टीला घरी आली तीच मुळी बॅगेत जाड काळ्या कापडाची घडी घेऊन. पहिल्याच दुपारी ती स्टुलावर चढून आपल्या खोलीच्या खिडकीवर ते कापड ठोकायला लागली, तेव्हा आई कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"घरात कुणी गेल्यासारखं..." एवढं बोलून आई थांबली. मग म्हणाली, "चहा ठेवते."

घरातलं माणूस खरंच गेलं होतं, आणि त्याला वर्ष होत आलं होतं. पिंगळीचे बाबा मालवाहू जहाजावर इंजिनखान्यात होते. अर्धं आयुष्य थंड समुद्रांवर काढलं त्यांनी. घरी यायचे ते पाहुण्यासारखे, आणि चार दिवस होत नाहीत तोच बॅग भरायला घ्यायचे. शेवटच्या सफरीत ते जहाजावरून नाहीसे झाले. कंपनीने त्यांची बॅग तेवढी घरी पाठवली. पिंगळी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. लहानपणी ती रात्री टक्क जागी असायची म्हणून ते तिला पिंगळी म्हणायचे. पुढे ती डोंगरावरच्या वेधशाळेत नोकरीला लागली, रात्रभर दुर्बीण सांभाळू लागली, तेव्हा नाव ठेवणाऱ्याला आपण किती दूरचं पाहिलं याचा कोण आनंद झाला होता.

"तू नेमकं बघतेस काय तिथे?" चहा पिताना आईने विचारलं. हा प्रश्न ती दर सुट्टीत विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आत उठून जायची. या वेळी मात्र ती बसून राहिली.

"ग्रह. दुसऱ्या ताऱ्यांचे. आपल्या गुरूएवढे दांडगे, पण ताऱ्याला इतके चिकटलेले की त्यांचं वर्ष आपल्या दोन-तीन दिवसांत संपतं."

"भाजत नाहीत?"

"भाजतात की. भाजून फुगतात सुद्धा. तिथे जन्मलेले नसतातच ते. जन्मतात लांब, गारठ्यात. मग कुणीतरी तिसराच ढकलतो, त्यांची वाट लांबुळकी होते. एकदा ताऱ्याच्या अगदी जवळ, की पुन्हा लांब. असं करता करता ताऱ्याची ओढ त्यांना आत आणते, आणि मग तिथेच गोल गोल फिरत राहतात. ताऱ्याकडे कायम एकच तोंड. पाठ म्हणून करत नाहीत."

"आणि एवढ्या लांबून तुला दिसतात?"

"दिसत नाहीत. समोरून गेले की ताऱ्याचा उजेड इवलासा मंदावतो. त्यावरून ओळखायचं."

आईने कप खाली ठेवला. "म्हणजे तुझे बाबाच की. लांब गारठ्यात, एकदा जवळ, की पुन्हा लांब."

दोघी हसल्या. बाबा गेल्यापासून त्यांच्यावरून हसायची ही पहिलीच वेळ असावी.

"आणि शेवटी काय होतं त्यांचं?" आईने विचारलं.

"हळूहळू आत सरकतात. फेरी लहान लहान होत जाते. शेवटी ताऱ्यात पडतात."

"बरंच की," आई म्हणाली, आणि कप विसळायला उठली.

खोली चांगली अंधारी झाली होती. काळ्या कापडाला एका जागी बारीक भोक होतं, तेवढा एक कवडसा समोरच्या भिंतीवर पडायचा, शर्टाच्या बटणाएवढा. पिंगळी त्याच्याकडे बघत पडली. डोळ्याला डोळा लागतच होता, एवढ्यात कवडसा किंचित मंदावला. आधी कडेने, मग सगळाच, आणि पुन्हा पहिल्यासारखा झाला. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पिंगळी पगार घ्यायची तोच मुळी असा मंदावणारा उजेड ओळखण्याचा.

कुणीतरी लांबून, अंगणाच्या कुंपणाजवळून गेलं असेल, असं म्हणून तिने कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा झालं, आणि कालच्यापेक्षा आधी झालं. तिसऱ्या दिवशी त्याहून आधी, आणि कवडसा जास्त काळवंडला. त्या दुपारी थोड्या वेळाने तो दुसऱ्यांदाही मंदावला. पिंगळी उठून मागच्या दाराने बाहेर आली. अंगण रिकामं होतं. दोरीवर आईची ओढणी वाळत होती, आणि वारा नसल्याने ती सरळ लोंबत होती. हवेत मात्र एक वास होता. तापलेल्या लोखंडाचा, इंजिनच्या जळक्या तेलाचा. बाबांची बॅग उघडली की हाच वास यायचा.

मग तिला गवत दिसलं. घराभोवती गुडघाभर वाढलेल्या गवतात एक गोल पाऊलवाट उमटली होती. कुंपणाच्या आतून निघून घराला वळसा घालून परत तिथेच मिळालेली. ती वाकली. पाऊलवाट म्हटली की पावलांची बोटं पुढे असतात, जायच्या दिशेने. या वाटेवर गवत आडवं दबलं होतं. मऊ मातीत जिथे ठसे नीट उठले होते, तिथे प्रत्येक ठशाच्या टाचा कुंपणाकडे होत्या आणि बोटं घराकडे.

कुणीतरी घराकडे तोंड करून, बाजूबाजूने सरकत, सगळ्या घराला फेरी मारली होती.

आता बाबांची एक खोड सांगायला हवी. ते घरी आले की सरळ आत कधी यायचे नाहीत. बॅग पायरीवर टाकायची आणि आधी घराला एक चक्कर मारायची. भिंतीकडे तोंड, दोन्ही तळवे भिंतीवर, आणि एक एक पाऊल बाजूला. ओल कुठे आलीय, चीर कुठे पडलीय, ते बघायचं. इंजिनाच्या आवाजाने कान अर्धे गेले होते. त्यामुळे आपण घशातून सारखं हुंकारत असतो, जहाजावरच्या त्या इंजिनासारखं, हे त्यांना ठाऊकच नसायचं. पिंगळी आतून त्या हुंकाराबरोबर खोल्याखोल्यांतून पळायची. एकदा तिने विचारलं होतं, बाबा, आधी आत का नाही येत? ते म्हणाले होते, एकदम आत आलो तर सहन होत नाही गं.

रात्री जेवताना तिने आईकडे नीट पाहिलं. गेले काही दिवस आई एका जागी ठरत नव्हती. पुसलेली फळी पुन्हा पुसत होती, दार उघडत होती, लावत होती. पिंगळीला वाटलं होतं, एकटेपणाने होत असेल. पण आईचे गाल उजळले होते.

"आई, दुपारी अंगणात कुणी येतं का?"

आईने घास खाली ठेवला. "तुला कळलं होय..."

"कोण येतं?"

"हेच येतात. आणखी कोण येणार."

"तुला दिसतात?"

"दिसत नाहीत. पण आलेत ते कळतं." आईचा आवाज अगदी खाली आला. "इतकी वर्षं मी ह्यांची पाठच बघितली. फाटकातून बाहेर पडताना. या वेळी पाठ दिसत नाही. म्हणून म्हणते, आता जायचे नाहीत."

आईचा चेहरा इतका सुखी होता की पिंगळीने उठून तिला भात वाढला. पण रात्रभर ती खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. नोकरीत ती रोज जे बघते तेच इथे चाललं होतं. फेरी लहान होतेय, वेळ अलीकडे येतेय, सावली गडद होतेय. मधोमध आहे आई, एरवी दिवसभर स्वयंपाकघरातल्या आपल्या खुर्चीवर बसणारी. ज्या ताऱ्यात असा ग्रह पडतो, तो तारा आधी अस्वस्थ होतो, गरगरायला लागतो. वेधशाळेत या गोष्टीवर सगळे मजेत वाद घालायचे. आईला इथून हलवायलाच हवं होतं.

आई ऐकेना. "मी कुठे जाऊ? हे आत आले आणि मी नसले तर?"

शेवटी मावशी उपयोगी पडली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि हाताखाली कुणी नव्हतं. मावशीने फोनवर असा काही सूर लावला की आईचा नाइलाज झाला. बसमध्ये चढताना ती तीनदा खाली उतरली. एकदा मागचं दार लावलंय का विचारायला, एकदा पाण्याची बाटली घ्यायला, आणि तिसऱ्यांदा उगीच. "त्यांना सांग," ती खिडकीतून म्हणाली, "बहिणीकडे गेलीय म्हणावं. येतेच लगेच."

"सांगते," पिंगळी म्हणाली. बस गेली तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं की ती वाटेत आइस्क्रीम खाऊन घरी आली. आता फेऱ्या थांबतील, असा तिचा हिशेब होता. मधला तारा उचलून नेला की ग्रह कशाभोवती फिरणार?

दुपारी ती पडली. कवडसा मंदावला. श्वास दोन-चारदा आतबाहेर होतोय तोच परत. मग परत. आता तो जवळजवळ विझतच होता.

तिने तात्यांना फोन लावला. तात्या म्हणजे वेधशाळेतले सगळ्यात जुने निरीक्षक. माणूस थट्टेखोर, पण त्यांच्या डोळ्यांतून आकडा सुटायचा नाही. घरची गोष्ट कशी सांगणार? तिने ती ग्रहाची म्हणून सांगितली.

"तात्या, एका ताऱ्याचा डेटा बघतेय. फेरीचा काळ भराभर कमी होतोय. आणि दर फेरीला उजेड आधीपेक्षा जास्त घटतोय."

"जास्त म्हणजे?"

"आधी जेमतेम कळायचं. आता अर्ध्याच्यावर. ग्रह ताऱ्याच्या जवळ सरकतोय, त्यामुळे असेल ना?"

पलीकडे तात्या हसले. "सुट्टी मानवली वाटतं तुला. अगं, काळ कमी होतोय तो जवळ सरकल्याने, कबूल. पण सावलीचं काय? ग्रह ताऱ्याला चिकटला काय, लांब राहिला काय, आपल्याला इथून सावली तेवढीच दिसणार. पहिल्या वर्षाची पोरं करतात ही चूक."

"मग सावली का वाढेल?"

"एक तर तो फुगतोय. पण इतका कसा फुगेल? नाहीतर मग..." तात्यांना मोठीच गंमत वाटली असावी. "नाहीतर मग तो ताऱ्याकडे सरकतच नाहीये, बाई. बघणाऱ्याकडे सरकतोय."

पिंगळीने फोन ठेवला की तो आपोआप बंद झाला, हे तिला नंतर आठवलं नाही. इतके दिवस ती स्वतःला बघणारी समजत होती. बघणारा नेहमी बाहेर असतो, लांब असतो, त्याला कुणी हिशेबात धरत नाही.

ती बाहेर आली. वाळत घालायची दोरी सोडून तिने एक टोक आपल्या खोलीच्या खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरं हातात धरून गवतातल्या वाटेवरून चालायला लागली. आता वाटा बऱ्याच झाल्या होत्या, एकात एक. सगळ्यात आतल्या वाटेवर तिने दोरी ताणून धरली. खोली घराच्या कोपऱ्यात होती, त्यामुळे दोरी बरीच लांबवर फिरू शकत होती. पिंगळी चालत गेली आणि दोरी ढिली पडली नाही, तुटायलाही आली नाही. वाटेचा मध्य स्वयंपाकघरात नव्हताच. तो काळ्या कापडाच्या मागे, तिच्या पलंगावर होता.

पुढे वाट भिंतीला भिडली होती. तिथे थांबली नव्हती. भिंतीवर, छातीएवढ्या उंचीवर, तेलाचे दोन काळे पट्टे होते, दोन तळव्यांचे, आणि ते भिंतीत शिरून दिसेनासे झाले होते.

ती आत धावली. स्वयंपाकघरातून पिंगळीच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात, आतल्या भिंतीवर तेच दोन पट्टे बाहेर आले होते. अजून ओले होते. बोट लावलं तर चटका बसला.

निघायचं. दुसरा विचार नाही. ती बॅग भरायला खोलीत शिरली आणि हातापायांत एवढी घाई असताना नेमकी तिची नजर भिंतीवरच्या कवडशावर गेली. सवय वाईट. तिने बघितलं.

कवडशावर सावली आली. आजवर तिच्या कडा पुसट असायच्या, कारण आडवं येणारं कापडाच्या पलीकडे, बाहेर असायचं. या सावलीच्या कडा सुरीने कापल्यासारख्या होत्या. जे आडवं आलं होतं ते भोक आणि भिंत यांच्या मध्ये होतं. खोलीच्या आत, पलंगाच्या पलीकडून, बाजूबाजूने सरकत. उघड्या राहिलेल्या दाराच्या उजेडात ती कवडशाबाहेर भिंतीवरही दिसत होती, एका डोक्याची. ती भिंतीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेली, आणि एवढं जाताना तिचं नाक असं एकदाही बाजूने दिसलं नाही. सगळा वेळ दोन्ही कान दिसत होते.

"बाबा?" तिने विचारलं. "बाबा... सहन होत नाही हो."

घशातला तो हुंकार तिच्या डाव्या बाजूने सुरू झाला, पाठीमागे गेला, उजव्या बाजूला आला.

बॅग तिथेच टाकून ती घराबाहेर पडली ती थेट डोंगरावर, आपल्या खोलीवर जाऊन थांबली.

तिथे तिने काळं कापड लावलं नाही. दिवस-रात्र टेबलावरचा दिवा चालू ठेवायची. काही दिवस बरे गेले. मग झाडलोट करायला येणारी बाई कुरकुरायला लागली, "बाई, तुमच्या खुर्चीभोवती हे तेल कोण सांडतंय? पुसलं की पुन्हा." खुर्चीभोवती फरशीवर गोल काळा डाग होता. खुर्ची हलवली की डागही नव्या जागी उठायचा. पिंगळीने खुर्ची हलवायचं सोडून दिलं.

एका संध्याकाळी, दुर्बिणीकडे जायच्या आधी, आईचा फोन आला. ती मावशीकडून घरी परतली होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, आणि मग तिचा आवाज कापला.

"गवत सगळं वर आलं गं. वाट बुजली. आता येत नाहीत हे. मी गेले ना बहिणीकडे, रुसले."

"रुसले नाहीत, आई."

"तुला काय माहीत? माझ्यासाठीच येत होते. आणि मीच ऐन वेळी..."

पिंगळीच्या ओठांवर खरं आलं होतं. ते बोलली असती तर आईजवळ जे उरलंसुरलं होतं तेही गेलं असतं. "हो," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच येत होते. येतील पुन्हा." हे एवढं वाक्य पुरं होईस्तोवर टेबलावरचा दिवा दोनदा मंदावला.

आईने कान फोनला घट्ट लावला असावा, तिचा श्वास जवळ आला.

"पिंगळे," आई अगदी हळू म्हणाली, "तुमच्या तिथे इंजिन चालू आहे का कसलं?"

पिंगळीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फोन ठेवू नकोस हं," आई म्हणाली. ती रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. "राहू दे तसाच. कान लावून बसते जरा. आणि... पाठ दिसली तर मला सांग."

पिंगळी फोन हातात धरून बसून राहिली. तापलेल्या लोखंडाचा वास इतका जवळ आला की तिच्या मानेवरचे केस सुकून वळले. दिवा एका कडेने मंदावायला लागला, मग सगळाच मंदावला. तो परत उजळेल म्हणून ती वाट बघत राहिली. पलीकडे आई कान लावून बसली होती.